रकाना क्रमांक चार

सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली तेव्हा नियमकाकांनी ती आधी शुद्धलेखनासाठी वाचली आणि मग मजकुरासाठी. चाळीस वर्षं नगरपालिकेच्या दप्तरखान्यात काढलेला माणूस, तो कागदाकडे दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघणार? एक वेलांटी चुकली होती. ती त्यांनी खिशातल्या पेननं तिथल्या तिथे सुधारली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण सुधारलेली ही नोटीस आपल्याच सायकलीच्या मुळावर उठली आहे.

नोटीस साधी होती. जिन्याखालची जागा मोकळी करायची आहे. तिथे ठेवलेल्या प्रत्येक वाहनाचा फॉर्म रविवारी सकाळी दहाच्या आत भरून द्यावा. ज्या वाहनाचा फॉर्म पूर्ण भरलेला नसेल ते बेवारस समजून भंगारवाल्याच्या हवाली करण्यात येईल. खाली सेक्रेटरींची सही.

फॉर्मचे पहिले तीन रकाने काकांनी उभ्या उभ्या भरले. मालकाचं नाव, वाहनाचा प्रकार, रंग. चौथ्या रकान्यापाशी पेन थांबलं. ‘कंपनीचे नाव.’

सायकल काकांच्या वडिलांची. वडील पुलाच्या बांधकामावर स्टोअरकीपर होते, आणि पूल झाल्यावर तिथला एक परदेशी इंजिनिअर परत जाताना ती त्यांना देऊन गेला. ते ती तीस वर्षं चालवत होते. लांबट, सुबक सांगाडा, मागे-पुढे सामानाचे कॅरिअर, खाली वाकलेलं हँडल आणि सगळ्यावर एक गडद हिरवा रंग. नाव म्हणून तिच्यावर एक अक्षर नव्हतं. वडील गेल्यापासून बारा वर्षं ती जिन्याखाली उभी होती, आणि काका रोज सकाळी दूध आणायला जाताना तिच्या सीटवर एकदा हात ठेवून जात. कुणी बघितलं तर धूळ बघत असल्यासारखं करत.

‘माहीत नाही’ असं लिहून टाकावं, हा विचार कुणाच्याही मनात येईल. काकांच्याही आला. पण फॉर्मच्या तळाशी बारीक टाइपात एक टीप होती. ‘कोणताही रकाना रिकामा सोडू नये. “माहीत नाही”, “लागू नाही” इत्यादी उत्तरे ग्राह्य धरली जाणार नाहीत.’ ही टीप वाचून कुणाशीही भांडायला जाण्याची सोय काकांना नव्हती. अकरा वर्षांपूर्वी ते स्वतः सेक्रेटरी असताना ती त्यांनीच घातली होती. त्या वेळी एकाने पाळीव प्राण्यांच्या फॉर्मवर कुत्र्याच्या वयापुढे ‘माहीत नाही’ लिहिलं होतं, आणि काकांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. नियमकाका हे नाव त्यांना सोसायटीतल्या पोरांनी उगीच नव्हतं दिलं.

आताचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. माणूस अत्यंत सभ्य. समोरच्याला दुखणार आहे हे माहीत असताना हसतमुख राहायची त्यांना सवयच होती.

“काका, तुमच्यासाठी मी नियम वाकवला असता,” ते म्हणाले, “पण नियम तुमचाच आहे. तुमचा नियम तुमच्यासाठी वाकवला तर लोक काय म्हणतील?”

काका फॉर्मची घडी घालून परतले. डॉक्टरांच्या जागी ते स्वतः असते तर त्यांनी नेमकं हेच वाक्य म्हटलं असतं.

*

बातमी वरच्या मजल्यापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला आणि सल्ले सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई चष्मा पुसत खाली आल्या, सायकलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “युरोपातली. उतारावरच्या देशात हँडल असं वाकलेलं असतं.” निवृत्त इंजिन ड्रायव्हरांनी सायकल एका हातानं उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. “इतकं हलकं लोखंड आपण कुणी करत नाही,” एवढंच बोलून ते असे निघून गेले, की जणू त्यांनी देशाचं नाव सांगितलं आणि आपणच ऐकलं नाही.

काकांचा अशा ऐकीव माहितीवर विश्वास नव्हता. विश्वास होता कागदावर. पूर्वी सायकलीला नगरपालिकेचा परवाना लागे, आणि त्या परवान्यांची रजिस्टरं अजून दप्तरखान्यात असणार, हे काकांइतकं कुणाला माहीत असणार? मंगळवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या जुन्या ऑफिसात गेले. तिथे कुणीच ओळखीचं उरलं नव्हतं. त्यांच्या खुर्चीवर बसलेल्या तरुण क्लार्कनं त्यांना “बसा आजोबा” म्हटलं, तिथेच पहिली जखम झाली.

“वडिलांच्या सायकलीची नोंद बघायचीय.”

“कंपनी सांगा.”

“कंपनी माहीत नाही. तीच बघायला आलोय.”

“मग कसं सापडणार? सगळी रजिस्टरं कंपनीच्या नावानं लावलीयत.” क्लार्कनं कपाटांच्या रांगेकडे हात केला. “मालकाच्या नावानं लावली असती तर एका मिनिटात काढून दिलं असतं. पण पूर्वी इथे कोणीतरी एक साहेब होते, त्यांनी दोन वर्षं बसून सगळं उलटं करून ठेवलं. कोण होते कोण जाणे.”

काका कपाटांकडे बघत राहिले. प्रत्येक रजिस्टरच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या त्यांच्याच अक्षरात होत्या. त्या कामाबद्दल त्यांना एकदा प्रशस्तिपत्रकही मिळालं होतं.

“अक्षर मात्र चांगलं आहे,” ते म्हणाले.

“अक्षर काय चाटायचंय,” क्लार्क म्हणाला.

घरी येऊन त्यांनी ही हकीकत काकूंना सांगितली तेव्हा अक्षराबद्दलचं वाक्य तेवढं वगळलं. काकू पडद्याला झालर लावत होत्या. मशीन न थांबवता त्या म्हणाल्या, “अहो, मिस्त्रीला दाखवा ना. त्यानं आयुष्यभर तेच केलंय.”

*

कोपऱ्यावरचा सायकलमिस्त्री साधारण काकांच्याच वयाचा. त्यानं सायकल उलटी केली, ब्रेकचा एक स्क्रू पुसला आणि भिंग घेऊन बघितला. स्क्रूच्या डोक्यावरच्या फुलीसारख्या खाचेशेजारी टाचणीच्या टोकाएवढं एक टिंब होतं.

“हे टिंब बघा. जपानी स्क्रू. दुसरे कुणी असं टिंब देत नाहीत,” मिस्त्री म्हणाला. “लांबच्या प्रवासाची सायकल आहे साहेब. सामान लादून दिवसचे दिवस जायचं, त्यासाठी बनवलेली. हे सांधे बघा, हातानं कानस मारलीय. कारखान्याचा माल नाही हा.”

काकांना आनंद झाला. ‘जपान’ हा शब्द त्यांनी वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. पण जपान ही काही कंपनी नव्हे.

“नाव रंगाखाली असेल,” मिस्त्री म्हणाला. “हा हिरवा रंग कंपनीचा नाही. हा कुणीतरी घरी ब्रशनं लावलाय. केस चिकटलेत बघा ब्रशाचे.”

ते काकांना माहीत होतं. हिरवा रंग वडिलांनीच लावला होता. काका तेव्हा अकरा वर्षांचे होते. एका रविवारी वडील अंगणात पाट घेऊन बसले आणि दिवसभर सायकल रंगवत राहिले. मूळचा आकाशी रंग इतका सुंदर होता, की शाळेतली मुलं ती बघायला येत. “का रंगवताय?” असं विचारलं तर “गंज धरतो” एवढंच म्हणाले. त्यानंतर पंधरा दिवस घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांवर कुठे ना कुठे हिरवं बोट होतं.

गुरुवारी सकाळी काकांनी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरली, सायकल दोन मजले वर आणली आणि रंग उतरवायचं औषध लावलं. डब्यावर ‘हवेशीर जागेत वापरावे’ असं लिहिलं होतं. काकांनी ते वाचलं आणि खिडकी उघडली, पण काकूंनी शिवून टांगलेला नवा पडदा वाऱ्यानं आत आला आणि ओल्या सांगाड्याला गुंडाळला गेला. पडदा सोडवताना काकांचा पाय डब्याला लागला. डबा लवंडला तो थेट काकांनी जपलेल्या सोसायटीच्या सूचनांच्या फायलीवर, आणि अकरा वर्षांच्या सूचना एकमेकींना चिकटल्या. इंजिन ड्रायव्हर वास आला म्हणून वर आले, त्यांनी एकूण दृश्य बघितलं आणि “चालू द्या” म्हणून दार ओढून घेतलं.

संध्याकाळपर्यंत हिरव्याखालून आकाशी निघाला. काका जमिनीवर बसून बघतच राहिले. छप्पन्न वर्षांनी त्यांना तो रंग पुन्हा दिसत होता. याच रंगाच्या नळीवर पुढे बसून ते वडिलांबरोबर पूल बघायला जायचे. वडील प्रत्येक चढाला म्हणायचे, “मागे बघू नकोस, चढ मोठा वाटतो.” काकांचे डोळे भरून आले. औषधाचा वास आहे, असं त्यांनी काकूंना सांगितलं.

नाव मात्र नव्हतं. फक्त हँडलच्या खाली, सांगाड्याच्या पुढच्या उभ्या नळीवर रंगाऱ्याच्या लांबीनं बुजवलेली दोन भोकं निघाली, एक वर आणि एक खाली. तिथे कधीतरी कंपनीची पट्टी बसवलेली होती आणि कुणीतरी ती काढली होती. काकूंनी शिवणाची टेप आणून अंतर मोजलं. “पावणेदोन इंच,” त्या म्हणाल्या, आणि कुठल्यातरी विचारात टेप गुंडाळत उभ्या राहिल्या. काकांनी अंतर वहीत लिहिलं.

*

दोन्ही पॅडलच्या मधोमध, सांगाड्याच्या खालच्या बाजूला एक नंबर कोरलेला होता, पण तो अशा बेचक्यात होता की मान मोडली तरी वाचता येईना. अशा ठिकाणी डोकावणारा छोटा आरसा संपूर्ण सोसायटीत एकाच माणसाकडे होता. काकांनी शुक्रवारी दुपारी मान खाली घालून सायकल पहिल्या मजल्यावर नेली. डॉक्टरांच्या दवाखान्यात त्या वेळी पेशंट नव्हते. सायकल खुर्चीवर उलटी झोपवली, वरचा दिवा लावला आणि डॉक्टरांनी हातमोजे घातले.

“कधीपासून आहे त्रास?” त्यांनी सवयीनं विचारलं.

नंबर पाच आकडी निघाला. डॉक्टरांचा चेहरा मात्र त्या दिव्याखाली बदलत गेला. एकेक सांधा ते आरशात बघत होते. “काय काम आहे काका,” ते म्हणाले. “इतकं सफाईचं काम आम्ही तोंडात करत नाही.” आणि मग त्यांनी आपणहून फोटो काढले, जपानमधल्या जुन्या सायकलींच्या एका मंडळाला कॉम्प्युटरवरून पाठवले आणि बरोबर पत्रही लिहिलं. सेक्रेटरी म्हणून ते रविवारवर ठाम होते. माणूस म्हणून फार हळहळत होते.

शनिवारी दुपारी उत्तर आलं. तिकडच्या कुणा म्हाताऱ्या गृहस्थांनी मोठ्या अदबीनं लिहिलं होतं. सायकल साठ वर्षांपूर्वीची, लांबच्या प्रवासासाठी हातानं घडवलेली. त्या काळी अशी एकेकट्याची दुकानं शेकड्यानं होती आणि नंबर ज्याचा तो टाकायचा, त्यामुळे नंबरावरून काही सांगता येत नाही. पुढची पट्टी असती तर नाव कळलं असतं. पट्टी नाही याचं फार वाईट वाटतं.

काका घरी येऊन बाहेरच्या खोलीत बसले. फॉर्म समोर होता. उद्या दहा वाजता भंगारवाला येणार होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं की एखादं खोटं नाव ठोकून द्यावं. कोण बघतंय? त्यांनी पेन उघडलं सुद्धा. पण समोरच्या शोकेसमध्ये त्यांचं मेडल होतं, आणि मेडलसमोर खोटी नोंद करणं त्यांना जमेना.

आता या मेडलबद्दल सांगायला हवं. काकांच्या घरी पाच मिनिटांपेक्षा जास्त बसलेल्या प्रत्येकाला त्याबद्दल माहीत होतं. पितळेचं, लांबट, जरा बाक आलेलं, वर-खाली एकेक भोक. वरच्या भोकातून निळी फीत. मध्ये दोन उठावाची चित्रं. काका म्हणायचे, एक सायकलस्वार आहे आणि त्याच्यामागे झाड. अकराव्या वर्षी शाळेच्या सायकल शर्यतीत काका पहिले आले, त्याचं हे मेडल.

ती शर्यत हळू सायकल चालवण्याची होती. जो शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकला की बाद. बाकीच्यांच्या सायकली करकरत जागच्या जागी डुलत होत्या. काका वडिलांच्या सायकलीवर होते, आणि त्या सायकलीला नुसता पाय लावला तरी ती पाण्यासारखी सुटायची. शिट्टीचा आवाज विरायच्या आत काका रेघेपलीकडे होते. सगळं मैदान हसलं. ते रडत घरी आले आणि दोन दिवस शाळेत गेले नाहीत. मग एका संध्याकाळी वडिलांनी खिशातून कागदाची पुडी काढली. “शाळेत फेरतपासणी झाली,” ते म्हणाले. “जो पहिला पोचला तो पहिला, असं ठरलं. मास्तरांनी मेडल माझ्याकडे दिलंय. शाळेत बोलू नकोस, त्यांना चूक कबूल करायची लाज वाटते.”

काका शाळेत कधी बोलले नाहीत. पण चुकीची नोंद वेळ लागला तरी दुरुस्त होते, हा विश्वास त्यांच्या मनात त्या संध्याकाळी बसला. दप्तरखान्यात त्यांनी चाळीस वर्षं काढली ती त्या विश्वासावर.

“अहो,” काकू म्हणाल्या. त्या शोकेसपाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात टेप होती. “त्या भोकांमधलं अंतर किती लिहिलंत?”

“पावणेदोन.”

काकूंनी काच सरकवली, मेडल काढलं आणि टेप लावून त्यांच्यापुढे धरलं. मग फीत न सोडवता ते सायकलीच्या पुढच्या नळीवर ठेवलं. मेडलचा बाक नळीवर असा बसला, की मध्ये नखसुद्धा गेलं नसतं.

काकांनी मेडलच्या कडेवरून बोट फिरवलं. “तुला माहीत होतं,” ते म्हणाले.

“मामंजींनी शेवटच्या आजारात सांगितलं होतं. म्हणाले, त्याला कळू देऊ नकोस, आणि वेळच आली तर तूच सांग.” काकू त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या. “मला वाटलं, ती वेळ येणारच नाही. सायकलीला कोण नाव विचारतंय?”

“म्हणून रंगवली,” काका म्हणाले. “मला भोकं दिसू नयेत म्हणून.”

“मामंजींना तो आकाशी रंग फार आवडायचा,” काकू म्हणाल्या. “तुम्हाला कधी बोलले नसतील.”

काकांनी चष्मा काढला. या वेळी औषधाचा वास नव्हता, आणि त्यांनी तसं सांगितलंही नाही.

*

रविवारी दहा वाजता खाली बरीच मंडळी जमली. भंगारवाल्याची गाडी फाटकाशी उभी होती. काका सायकल घेऊन आले. गळ्यात निळ्या फितीचं मेडल होतं, त्यामुळे इंजिन ड्रायव्हरांना वाटलं की काकांच्या डोक्यावर परिणाम झाला.

काकांनी घसा साफ केला. “सभासदहो,” ते म्हणाले, “मी आजपर्यंत आपल्या सर्वांना सांगत आलो की शाळेच्या शर्यतीत माझा पहिला नंबर आला. ती नोंद चुकीची आहे. मी शेवटचा आलो होतो. हे मेडल नाही, ही या सायकलीची पट्टी आहे. माझ्या वडिलांनी ती माझ्यासाठी काढली.”

कुणी हसलं नाही. भूगोलाच्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. डॉक्टर पुढे झाले, त्यांनी पट्टी हातात घेतली आणि सायकलस्वार व झाड निरखून बघितलं. “काका, ही जपानी अक्षरं आहेत.”

“असतील.”

“पण वाचता येत नाहीत.”

“नियमात वाचता यावं असं कुठे आहे?” काका म्हणाले. “रकाना रिकामा नसावा, एवढंच आहे. मी लिहिलाय नियम.”

डॉक्टरांनी फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि चौथ्या रकान्यात ती दोन अक्षरं काढली, सायकलस्वार आधी आणि झाड नंतर. मग शिक्का मारला. भंगारवाला जिन्याखालचा एक मोडका पाळणा घेऊन गेला.

डॉक्टरांनी पट्टीचा फोटो जपानला पाठवला, त्याचं उत्तर चार दिवसांनी आलं. ते दुकान एका छोट्या गावातलं. बाप आणि मुलगा दोघंच काम करायचे, वर्षाला फार तर दहा सायकली. दुकान बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. आता पट्टी परत जागेवर बसवा, असं त्या गृहस्थांनी आग्रहानं लिहिलं होतं. मिस्त्री दोन पितळी रिव्हेट घेऊन घरीही आला. काकांनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

“वडिलांनी काढली ती मी कशी लावू?” ते म्हणाले. “भोकं राहू देत तशीच.”

पट्टी शोकेसमध्ये गेली, निळ्या फितीसकट. खाली काकांनी आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लावली. तिच्यावर शर्यतीचं वर्ष होतं, आणि पुढे ‘क्रमांक: शेवटचा’.

त्याच संध्याकाळी त्यांनी सायकल फाटकाबाहेर काढली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी सायकलीवर चढायचं म्हणजे हातात सगळा जीव गोळा होतो. काकू शेजारून चालायला लागल्या. आकाशी सायकल अजूनही पाण्यासारखी सुटायला बघत होती, पण काकांनी दोन्ही ब्रेक अर्धे धरून ठेवले होते. हँडल डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. काकू नेहमीच्या चालीनं चालत त्यांच्या पुढे गेल्या, कोपऱ्यावर पोचल्या आणि मागे वळून वाट बघत उभ्या राहिल्या.

“आज शर्यत असती तर पहिला नंबर होता तुमचा,” त्या म्हणाल्या. “खराखुरा.”

काकांनी उत्तर दिलं नाही. बोललं की तोल जातो, आणि पाय टेकला की बाद.